हाताला लागलेला कोळी

आभासी वास्तव म्हटलं की डोळ्यांवर चढवलेलं ते अवजड यंत्र आठवतं. मी कवितेचा माणूस, माझं कुतूहल वेगळं. डोळे दुसऱ्या जगात गेल्यावर हातांचं काय होतं?

१९६५मध्ये इव्हान सदरलँड या अमेरिकी संशोधकाने एका छोट्या निबंधात अशी खोली कल्पिली, की जिथे संगणकाने दाखवलेल्या खुर्चीवर खरोखर बसता येईल. कवीनेच पाहावं असं स्वप्न! १९६८मध्ये त्याने डोक्यावर बसवायचा पडदा करून दाखवला. हवेत रेषांच्या आकृती तरंगू लागल्या. पण धरायला जावं, तर हाती काहीच नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी पुढे महागडी यंत्रं घडवली गेली. मला भावतो तो साधा उपाय: जे दिसतंय, नेमक्या त्याच जागी खरी वस्तू ठेवायची.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हंटर हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे ३७ वर्षांची एक बाई उपचारांसाठी आली. कोळ्याला ती इतकी भ्यायची, की झोपण्यापूर्वी खिडक्या चिकटपट्टीने बंद करायची. पाल पाहून किंचाळणाऱ्याला आपण हसतो. इथे एका बाईचं जगणंच आवळलं गेलं होतं. तासातासाच्या १२ बैठका झाल्या. संगणकाच्या स्वयंपाकघरातला कोळी आधी लांबून, मग जवळून. पुढे तिने हात पुढे केला, आणि बोटांना केसाळ अंग लागलं. तिथे खेळण्यातला कोळी धरलेला होता. फसवणूक? होय, पण तिच्याच भल्याची. तिची भीती पुष्कळ ओसरली. हा वृत्तांत १९९७मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरा प्रयोग याच्या उलट, म्हणजे भीती वाढवणारा. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात ब्रेंट इन्स्को यांनी २००१मध्ये तो आपल्या प्रबंधात मांडला. यंत्र लावलेल्या माणसाला पुढ्यात २० फूट खोल खड्डा दिसायचा. प्रत्यक्षात खाली सपाट जमीन, आणि तिच्यावर फक्त दीड इंच उंचीची लाकडी फळी. त्या फळीच्या कडेशी उभं राहून पायाच्या बोटांना कड जाणवायची. आपण प्रयोगशाळेत आहोत, हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. तरीही फळी नसताना हृदयाचे ठोके जेवढे वाढत, त्याहून पायाखाली फळी असताना ते अधिक वाढले.