बोल्टाच्या रायफलीची घडणावळ व तिचा जमाखर्च

शस्त्रांचा इतिहास लिहितांना शस्त्राचा पल्ला, मारा व त्यानें मिळवून दिलेले विजय यांचा विचार बहुधा केला जातो; परंतु त्याची किंमत किती पडली व ती कोणत्या खात्यावर मांडली गेली, हा प्रश्न मागें राहतो. वस्तुतः शस्त्राचें रूप ठरविण्यांत रणांगणाइतकाच हिशेबाच्या वहीचा हात असतो. एका गिऱ्हाइकासाठीं, त्याच्या मापानें घडविलेली बोल्टाची शिकारी रायफल हें याचें एक बोधप्रद उदाहरण होय. लष्करी कारखान्यांतून निघालेला सांगाडा घ्यावा, त्यावर नवी नळी व नवा दस्ता चढवावा आणि थोडक्या खर्चांत उत्तम हत्यार पदरांत पाडून घ्यावें, ही कल्पना शंभरांहून अधिक वर्षें लोकांस मोह घालीत आली आहे. ती कितपत खरी ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

दाराच्या अडसराप्रमाणें मागेंपुढें सरकणारा व फिरवून अडकविला जाणारा दांडा म्हणजे बोल्ट. प्रशियानें १८४१ सालीं स्वीकारलेल्या ड्रायझे याच्या सुईच्या बंदुकीनें ही रचना प्रथम मोठ्या सैन्याच्या हातीं आली. तिला परिपूर्ण रूप दिलें तें ओबर्नडॉर्फ येथील पाउल माउझर यानें. त्याच्या १८९८ च्या नमुन्यांत बोल्टाला पुढें दोन भक्कम कान व मागें आधाराचा तिसरा कान आहे. काडतुसाचा बुडखा धरणारा लांब आंकडा आहे. आणि काडतूस फुटल्यास वायु बाजूला काढून देणारीं छिद्रेंहि आहेत. ही रचना इतकी सर्वमान्य झाली कीं, अमेरिकन सरकारनें आपली १९०३ ची स्प्रिंगफील्ड रायफल बनविल्यावर माउझरच्या हक्कांबद्दल दर रायफलीमागें ७५ सेंट व काडतुसांच्या दर हजार पट्ट्यांमागें ५० सेंट देण्याचें कबूल केलें आणि एकंदर २ लाख डॉलर भरले. पोलाद व मजुरी यांच्याप्रमाणें कल्पनेचेंहि मोल हिशेबांत धरावें लागतें, हें येथें प्रथमच लक्षांत येतें.

लंडनमधील जॉन रिग्बी यांच्या पेढीनें हाच सांगाडा शिकारी रायफलीसाठीं निवडला. त्यापूर्वीं मोठ्या शिकारीसाठीं दोन नळ्यांची रायफल हीच प्रतिष्ठित मानली जाई. तिच्या दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागीं पडाव्यात म्हणून कारागिरास गोळ्या झाडून, सांधा सोडवून, पुन्हा जोडून दीर्घकाळ खपावें लागे. आणि हें सर्व काम हाताचें असल्यानें तिची किंमत फार चढे. बोल्टाच्या रायफलीस नळी एकच, तेव्हां हा व्याप नाहीं. शिवाय मुख्य यंत्रभाग जर्मनींतून तयार होऊन येई. याप्रमाणें लंडनच्या कारागिराचें हस्तकौशल्य व ओबर्नडॉर्फच्या यंत्रांची अचूकता यांचा संयोग होऊन तुलनेनें स्वस्त व विश्वासू हत्यार निर्माण झालें. १९११ मध्यें रिग्बीनें काढलेलें ४१६ सहस्रांश इंचाचें काडतूस माउझरच्या खास लांब सांगाड्याच्या आधारावरच उभें राहिलें.

हिंदुस्थानचा या हिशेबाशीं जो संबंध आला तो कायद्यामुळें. लष्करी काडतुसें बंडखोरांच्या हातीं जाऊं नयेत म्हणून १९०७ सालीं ४५० सहस्रांश इंची रायफलींची आयात येथें बंद करण्यांत आली, आणि इंग्लिश बंदूकवाल्यांना त्याच तोडीचीं निराळ्या मापाचीं काडतुसें काढणें भाग पडलें. लष्कराच्या ३०३ मापाचीहि खासगी माणसास मनाई होती. त्याच १९०७ सालीं चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूइट यांनीं जिम कॉर्बेट यांस जी रायफल भेट दिली, ती रिग्बीची २७५ मापाची, माउझरच्या सांगाड्याची होती. तात्पर्य, रायफलीचें माप ठरवितांना शिकाऱ्याला जनावरापूर्वीं सरकारी मनाईचा विचार करावा लागे. जें काडतूस मिळत नाहीं, त्याची रायफल फुकट मिळाली तरी महागच.

अमेरिकेंत या कलेस निराळें वळण लागलें. तेथें स्प्रिंगफील्ड रायफलींचें रूपांतर करण्याची प्रथा पडली. थिओडोर रूझवेल्ट यांनीं १९०९ च्या आफ्रिकेच्या सफरींत अशीच एक रायफल नेली होती. १९२३ मध्यें न्यूयॉर्क येथें ग्रिफिन व हौ यांची पेढी निघाली व अशा कामास मोठी प्रतिष्ठा आली. परंतु याच सांगाड्याच्या पोटांत एक दोष लपलेला होता. १९१७ सालीं कांहीं रायफली झाडतांना फुटल्या. चौकशींत असें आढळलें कीं, पोलाद तापविणारे जुने कारागीर त्याच्या रंगावरून उष्णता ओळखीत. आणि ढगाळ दिवशीं जो रंग योग्य दिसे, तो लख्ख उजेडांत दिसण्यासाठीं धातु कितीतरी अधिक तापवावा लागे. मापकयंत्र लावल्यावर ही चूक ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत असल्याचें दिसून आलें. असें जळकें पोलाद कांचेसारखें ठिसूळ होतें. पुढें प्रक्रिया बदलली. परंतु तोंवर स्प्रिंगफील्ड येथें सुमारें ८ लाख व रॉक आयलंड येथें सुमारें २ लाख ८५ हजार रायफली निघून गेल्या होत्या.

ज्युलियन हॅचर यांनीं १९४७ च्या आपल्या ग्रंथांत अशा फुटलेल्या ६८ रायफलींची नोंद दिली आहे. त्या अपघातांत कांहींचे डोळे गेले. एका पारड्यांत दहा लाखांवर रायफलींची किंमत व दुसऱ्यांत अज्ञात शिपायांचे डोळे, असा हा तोल होता. १९२८ सालीं निर्णय झाला तो असा कीं, या रायफली यापुढें वाटूं नयेत, युद्धाच्या वेळेसाठीं राखून ठेवाव्यात, आणि सांगाडे बदलण्याचा प्रश्न पुढें ढकलावा. या निर्णयाचें वर्णन काटकसर म्हणून करितां येईल. परंतु जी वस्तु शांततेच्या काळीं हातांत देण्यास अयोग्य, ती युद्धांत योग्य कशी, याचें उत्तर कोणत्याहि जमाखर्चांत सांपडत नाहीं. शिवाय अशाच क्रमांकांच्या रायफली खासगी लोकांच्या हातींहि गेल्या होत्या. ज्यांनीं त्यांवर उंची लाकडाचे दस्ते चढविले, त्यांचा खर्च पायाच कच्चा असलेल्या घरावर सोन्याचा कळस चढविण्यासारखा झाला.

आतां कारागिराची यादी पाहूं. नवी नळी बसवावयाची. काडतुसाचें घर अशा मापानें कोरावयाचें कीं, बोल्टाचें तोंड व काडतुसाचा बुडखा यांत फाजील अंतर राहूं नये. दुर्बिणीच्या आड येतो म्हणून बोल्टाचा दांडा वांकवावयाचा. दुर्बिणीसाठीं भोंकें पाडावयाचीं. चाप हलका करावयाचा. अक्रोडाचा दस्ता कोरून त्यांत सांगाडा कागदाइतकीहि फट न राहतां बसवावयाचा. आणि शेवटीं पोलादास निळसर रंग देऊन कस पाहावयाचा. यांपैकीं एकाहि कामाची मजुरी, सांगाडा स्वस्त मिळाला म्हणून, कमी होत नाहीं. स्वस्ताई एका कलमापुरती. बाकीचीं सर्व कलमें पूर्ण दरानें. विकावयास काढल्यास मात्र ती रायफल एका माणसाच्या खांद्याच्या व हाताच्या मापाची, त्यामुळें घातलेली रक्कम सहसा परत येत नाहीं. आपल्या शास्त्रकारांनीं याला अर्धजरतीय न्याय म्हटलें असतें. एकाच वस्तूंत जुन्याची किंमत व नव्याचे गुण दोन्ही एकदम मागणें हें युक्तीला धरून नाहीं.

कारखान्यांनींहि ही स्पर्धा ओळखली. विंचेस्टर कंपनीनें १९२५ मध्यें ५४ क्रमांकाचा व १९३६ मध्यें ७० क्रमांकाचा नमुना काढला, आणि तयार रायफल घडणावळीच्या रायफलीच्या जवळ येऊन ठेपली. परंतु १९६४ सालीं उत्पादनखर्च वाचविण्यासाठीं तोच नमुना बदलला; माउझरच्या धर्तीचा लांब आंकडा गेला, दस्त्यावरील कोरीव नक्षीच्या जागीं ठशाची नक्षी आली. गिऱ्हाइकें रुष्ट झालीं व त्यापूर्वींच्या रायफली शोधूं लागलीं. खर्च वांचविला तो कारखान्यानें. किंमत वाढली ती जुन्या मालाची.

या जमाखर्चांत एक कलम मात्र कोणीच मांडलें नाहीं. दोन्ही महायुद्धांनंतर लष्करी रायफली अत्यंत स्वस्त विकल्या गेल्या. १९६८ च्या कायद्यानें अमेरिकेंत त्यांच्या आयातीस आळा बसेपर्यंत त्या मोठ्या संख्येनें कापल्या व घासल्या गेल्या. जर्मन माउझरच्या सांगाड्यावर कारखान्याचें नांव व साल असे. लहानसहान भागांवर तपासनिसांचे शिक्के व क्रमांकाचे शेवटचे अंक असत. हे अंक जुळतात कीं नाहीं, यावरून ती रायफल किती वेळां दुरुस्त झाली, हें सांगतां येतें. ज्याप्रमाणें ताम्रपट वितळवून भांडें केल्यास तांबें राहतें पण दान कोणी कोणास दिलें तें नाहींसें होतें, त्याप्रमाणें शिक्के घासलेल्या रायफलींत पोलाद शिल्लक राहिलें, साक्ष गेली.

तेव्हां काटकसरीसाठीं रायफल घडविणाराचा पक्ष टिकत नाहीं. जो आपल्या मापाचें, आपल्या निवडीचें हत्यार हवें म्हणून पूर्ण किंमत मोजण्यास तयार आहे, त्याचा पक्ष मात्र सयुक्तिक आहे. त्यानें नव्या सांगाड्यापासून आरंभ करावा. जुनी लष्करी रायफल जशीच्या तशी हातीं आल्यास तिला कानस लावण्यापूर्वीं तिच्यावरील अक्षरें व अंक निदान उतरून घ्यावेत. त्या नकलेस खर्च एका कागदाचा आहे.