सुरतेचा दर्या आणि पर्वस्नान

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० या साली शिवछत्रपतींनी केलेल्या दोन स्वाऱ्या आठवतात. परंतु त्या नगरीचे वैभव ज्या दर्याच्या बळावर उभे राहिले, त्याच्या स्वभावाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पर्वस्नानासाठी अथवा मुलाबाळांसह जलविहारासाठी डुमस-सुवालीच्या किनाऱ्यावर जाणाऱ्यांनी तो स्वभाव आधी ओळखावा, असे आम्हांस वाटते.

तापीच्या मुखाशी वाळूचे दांडे असल्यामुळे मोठी गलबते शहरापर्यंत येत नसत. ती सुवालीच्या आडोशास नांगर टाकीत. इंग्रजी ग्रंथांतील ‘स्वॅली’ ती हीच. नोव्हेंबर १६१२ मध्ये टॉमस बेस्ट याच्या जहाजांनी येथेच पोर्तुगीजांशी झुंज दिली, आणि तीत पोर्तुगीजांची काही मोठी गलबते वाळूत रुतली. अलीकडे डुमसच्या पुळणीवर हौसेने नेलेल्या मोटारीही अशाच रुतल्या आहेत. चारशेहून अधिक वर्षे लोटली, तरी त्या वाळूने आपला धर्म सोडलेला नाही!

याचे कारण खंबायतच्या आखाताची रचना. ते नरसाळ्याप्रमाणे आत निमुळते होत जाते, त्यामुळे शिरणारे पाणी कोंडून उंच चढते. भावनगराकडे उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर १० मीटरांहून अधिक भरते. मुंबईस ते त्याच्या निम्म्याच्या आसपास असते. ओहोटीला पाणी दूर हटून पुळण मोकळी पडते, आणि परतताना तेच पाणी सखल भागांतून शिरून माणसाची वाट मागून अडविते.

समुद्राचा स्पर्श पर्वकाळीच करावा, असा आपल्याकडे परंपरेचा संकेत आहे. पण अमावास्या-पौर्णिमा ही जशी पर्वे, तशीच ती उधाणाची वेळ. म्हणजे भाविकांची दाटी आणि समुद्राचा जोर एकाच सुमारास येतो. शिवाय तिथीच्या पाऊणपट तासांनी भरती पूर्ण होते, हा आपल्या कोकणी आडाखा सुरतेस लागू पडत नाही. आखातात वर चढण्यास पाण्याला आणखी काही तास लागतात. ज्या वेळी कोकणातला मनुष्य ओहोटी लागली म्हणून निश्चिंतपणे पाण्यात उतरेल, त्या वेळी तेथे भरती चढतच असते.

याच किनाऱ्यावर, पूर्वीच्या सुरत जिल्ह्यातील आणि आज नवसारी जिल्ह्यात असलेल्या दांडी येथे, ६ एप्रिल १९३० रोजी प्रातःकाळी गांधीजींनी समुद्रस्नान केले आणि मग मीठ उचलले. तेव्हा शुक्ल अष्टमीचा सुमार, म्हणजे भांगाचे दिवस होते. त्याआधी मार्चमध्ये मही नदी ओलांडताना यात्रेकरूंना रात्रीची भरती साधून होडीने जावे लागले होते. महात्म्यालाही भरतीची वेळ पाहावी लागली, मग आपली काय कथा!

म्हणून आम्ही इतकेच सुचवितो: स्थानिक कोळ्यांना भरतीची वेळ विचारावी, पाणी मागे हटताना त्याच्या मागे चालत जाऊ नये, गुडघाभर पाण्यात स्नान उरकावे, पोहणे वा होडीचा खेळ जाणत्यांच्या देखरेखीखालीच करावा, आणि पाणी वळताच मुलांना घेऊन बाहेर यावे. पंचांगातून पर्व कळते. भरतीची वेळ मात्र त्या त्या किनाऱ्यालाच विचारावी लागते.