दवाखान्याचं बिल : कोंबड्यापासून पक्क्या पावतीपर्यंत

मलेरिया, सिकलसेल, बाळंतपण यांबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो. आज दवाखान्याच्या पैशाबद्दल बोलायचं आहे. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी बाई डॉक्टरसाहेबांसमोर 'किती होतील?' हे विचारत नाही. विचारलं तर त्यांना राग येईल, आणि राग आला तर ते नीट पाहणार नाहीत, अशी भीती मनात असते.

आम्ही बचत गटांची कर्जाची रजिस्टरं तपासतो. 'कर्जाचं कारण' या रकान्यात बियाणं, खत, पोरीची फी असं लिहिलेलं असतं, आणि मधून मधून एकच शब्द येतो : दवाखाना. कुठला दवाखाना, किती दिवस, कशाचे किती, काही नाही. एका ताईला बिल दाखवा म्हटलं तर तिनं पदराच्या गाठीतून चिटोरं काढलं. त्यावर एक मोठा आकडा आणि खाली रेघ. ना दवाखान्याचं नाव, ना तारीख. त्या आकड्याचं कर्ज ती दीड वर्ष फेडत होती.

हे असंच चालत आलं आहे, असं बायका म्हणतात. पण खरं तर असंच चालत आलेलं नाही, म्हणून थोडा इतिहास सांगतो.

आपल्या आज्यांच्या काळात फी ठरलेली होती आणि ती सगळ्या गावाला माहीत होती. सुईणीला लुगडं-चोळी आणि सूपभर धान. पुजाऱ्याला कोंबडा, नारळ, तांदूळ. पुष्कळदा हे देणं माणूस उठून बसल्यावरच द्यायचं असायचं. त्या काळाचं कौतुक करायचा आमचा विचार नाही. कोंबडा देऊनही तापानं माणसं गेली, बाळंतपणात माय गेली. पण कुणाला काय द्यायचं हे आधी ठाऊक होतं.

मग डॉक्टर आले. आपल्या भागातलं सर्वांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे हेमलकसा. बाबा आमट्यांनी 1973 च्या डिसेंबरात भामरागडजवळ लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली जिल्हा 1982 ला वेगळा झाला, त्यामुळे तेव्हा ते सगळं चंद्रपूर जिल्ह्यातच होतं. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनीताई तिथं राहायला गेले, झाडाखाली रुग्ण तपासू लागले आणि फी घेतली नाही. माडिया माणसाकडे तेव्हा रोख पैसा जवळपास नसायचाच, मग मागायचं काय? पण फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे. औषध, सुई, पट्टी यांचे पैसे कुणीतरी देतंच. तिथं ते देणगीदारांनी दिले. असा दवाखाना प्रत्येक तालुक्यात उभा राहू शकत नाही. बाकी तालुक्यांत सरकारी दवाखाना असतो, आणि तिथं डॉक्टर किंवा मशीन नसलं की खासगीची पायरी चढावी लागते.

खासगीतही फी आधीच सांगणारे डॉक्टर होऊन गेले, आजही आहेत. आपल्यासारखाच जंगलाचा मुलूख म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं मेळघाट. तिथं बैरागड गावी 1980 च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे गेले. पहिल्या तपासणीचे 2 रुपये, पुन्हा आलात तर 1 रुपया. एवढीच फी. यातून महिन्याला साधारण 400 रुपये मिळतील असा त्यांचा हिशेब होता. म्हणून लग्नाच्या वेळी त्यांनी मुलीला घातलेल्या अटींत एक अट अशी होती की महिन्याला 400 रुपयांत घर चालवता आलं पाहिजे. डॉ. स्मिताताईंनी ती मान्य केली. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली. सगळ्याच डॉक्टरांनी 2 रुपये घ्यावेत असं आम्ही म्हणत नाही. इमारतीचं भाडं, नर्सचा पगार, विजेचं बिल, बुडालेली उधारी हे डॉक्टरांनाही चुकत नाही. मुद्दा असा की बैरागडच्या कोरकू बाईला घरातून निघतानाच ठाऊक असायचं, किती लागणार.

आम्हाला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते मात्र शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथले डॉ. उल्हास जाजू 1980 च्या आसपास खेड्यांत जाऊन लोकांशी बोलत होते. त्यातून ज्वारीची योजना निघाली. पीक घरात आलं की प्रत्येक घरानं ठरलेली ज्वारी द्यायची. भूमिहीन घराची थोडी, जमीनवाल्याची एकरानुसार जास्त. ती ज्वारी विकून गावाचा निधी, त्यातून गावातला आरोग्यसेवक आणि औषधं. अचानक आजार आला आणि दाखल व्हावं लागलं तर रुग्णालयात खर्च माफ. बाळंतपण, मोतीबिंदू अशा आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टींना चौथाई खर्च आपण द्यायचा. अट एकच, गावातल्या 100 पैकी निदान 75 घरांनी भाग घ्यायचा. नाहीतर फक्त आजारी घरंच ज्वारी देतील आणि निधी आटून जाईल.

यातली खुबी पाहा. पैसा आपल्याकडे कधी येतो? तेंदूपत्त्याच्या वेळी उन्हाळ्यात, आणि धान निघाल्यावर. ताप कधी येतो? पावसाळ्यात, नेमकी कणगी रिकामी असते तेव्हा. म्हणून बिल नुसतं मोठं असतं असं नाही, ते चुकीच्या महिन्यात येतं, आणि मग सावकार नाहीतर गटाचं कर्ज. सेवाग्रामनं वसुलीचा महिनाच बदलला.

आणखी एक गोष्ट, जी बायकांच्याच सभेत बोलता येते. 1989 साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट' या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 650 बायका तपासल्या, तर 100 पैकी 92 जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त 8. लाज हे एक कारण आहेच. पण आमच्या मते, किती खर्च येईल हे ठाऊक नसलं की घरात सगळ्यात आधी बाईचंच दुखणं मागं सारलं जातं. नवऱ्याला नेतात, पोराला नेतात, बैलालाही डॉक्टर येतो.

आता कायद्याकडे येऊ. मेडिकल कौन्सिलनं 2002 साली डॉक्टरांसाठी नियम काढले. फी दवाखान्यात फलकावर लावावी, रुग्णाला ती सांगावी, रुग्ण पाठवल्याबद्दल कुणी कुणाला कमिशन देऊ-घेऊ नये, असं त्यात आहे. बरं झालं तरच पैसे असा करार करू नये, असंही त्यात आहे. म्हणजे पुजाऱ्याची जुनी रीत डॉक्टरांना चालत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण बरं होण्याची हमी कुणीच देऊ शकत नाही. त्याआधी, 13 नोव्हेंबर 1995 ला, सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की पैसे देऊन उपचार घेणारा रुग्ण ग्राहक आहे आणि ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. पण पैसे दिले हे दाखवायला पावती लागते. पदरातलं चिटोरं तिथं फारसं कामाचं नाही.

कोरोनात सगळ्यांनीच बिलांचा धसका घेतला. 21 मे 2020 ला राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांचे दर बांधले : साधा वॉर्ड दिवसाला 4000, अतिदक्षता विभाग 7500, व्हेंटिलेटरसह 9000. मग 2021 च्या जानेवारीत नर्सिंग होमच्या नियमांत बदल झाला. रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य सेवांचं दरपत्रक दर्शनी भागात लावणं तेव्हापासून बंधनकारक आहे. आपल्या भागातल्या किती दवाखान्यांत ते लागलंय, हे पुढच्या वेळी गेलात की भिंतीवर पाहा. कॅलेंडर आणि देवाच्या फोटोच्या मधे सापडलं तर नशीब.

गोळ्या आतल्याच मेडिकलमधून घ्या, असा आग्रह धरला तर ऐकावंच असं नाही. चिठ्ठी हातात घेऊन दुसरीकडून आणता येतात. पक्कं बिल म्हणजे खाटेचे किती, डॉक्टरांचे किती, तपासण्यांचे किती, औषधांचे किती हे वेगवेगळं लिहिलेलं, नाव-तारीख-नोंदणी क्रमांकासह. तक्रार चंद्रपूर शहरात महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांकडे.

दाखल व्हायची वेळ आली तर आधी योजनेचं विचारा. राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 ला पहिल्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं गडचिरोली होतं. पुढच्या वर्षी चंद्रपूरही आलं. आता तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी तिथं कार्ड दाखवायचं, डिपॉझिट भरायच्या आधी. एकदा रोख भरली की परत मिळवायला फार चकरा होतात. आणि 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं निःशुल्क आहे. तिथं कुणी पैसे मागितले तर पावती मागा.

आमच्या गटांनी यंदा दोन गोष्टी ठरवल्या आहेत. दवाखान्यासाठी कर्ज घेतलं की महिन्याच्या सभेत बिल रजिस्टरला जोडायचं. रागावण्यासाठी नाही, कुठल्या गावात कशाचे किती घेतात हे सगळ्यांना कळावं म्हणून. दुसरं, तेंदूच्या हंगामात आणि धान विकल्यावर प्रत्येकीनं दवाखाना निधीत वेगळी रक्कम टाकायची, जमीन असलेलीनं जास्त. सेवाग्रामची 75 घरांची अटही लावून पाहिली. आमच्या गावात ती अजून पुरी झालेली नाही, काही जमीनवाल्या घरांचं म्हणणं आहे की आम्ही जास्त का द्यायचं. त्यांच्याकडे आम्ही पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत.