आर्णी परिसरातील राजकीय विचारपरंपरा

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी, घाटंजी व केळापूर या भागात रुजलेल्या पक्षीय विचारधारा आणि स्थानिक प्रश्नांशी असलेले त्यांचे नाते. अरुणावती नदीकाठचे आर्णी हे नागपूर–तुळजापूर महामार्गावरील तालुक्याचे ठिकाण. मतदारसंघ पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये आर्णी विधानसभा मतदारसंघात पहिली निवडणूक झाली. तो अनुसूचित जमातींसाठी राखीव असून चंद्रपूर लोकसभा मतदारसंघात मोडतो. गोंड, कोलाम, परधान, आंध हे आदिवासी समाज, तसेच बंजारा, कुणबी, बौद्ध व मुस्लिम समाज येथे राहतात. कोरडवाहू कापूस हे मुख्य पीक, तर साग ही जंगलाची संपत्ती. त्यामुळे कोणत्याही पक्षाचा विचार येथे कापूस, जंगल आणि विदर्भ या तीन प्रश्नांवरच पारखला गेला.

राष्ट्रीय चळवळीचा वारसा : वणीचे लोकनायक माधव श्रीहरी (बापूजी) अणे हे लोकमान्य टिळकांचे अनुयायी. वऱ्हाडात समुद्र नाही. म्हणून मिठाऐवजी जंगल कायदा मोडायचे ठरले आणि जुलै १९३० मध्ये अण्यांनी पुसद येथे जंगल सत्याग्रह केला. त्याच महिन्यात राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी यवतमाळजवळच्या जंगलात सत्याग्रह करून तुरुंगवास पत्करला. पुढे परस्परविरोधी ठरलेल्या दोन परंपरांचे पुढारी एकाच जिल्ह्यात एकच कायदा मोडत होते, ही या भागाच्या इतिहासातील मोलाची नोंद आहे.

काँग्रेस : पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ राज्याचे मुख्यमंत्री होते. त्याआधी त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर १९६२ मध्ये महाराष्ट्रात जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या. संकरित बियाणे, कापूस एकाधिकार खरेदी (कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच विकत घेणे) आणि रोजगार हमी ही त्यांच्या काळातील धोरणे म्हणजे कल्याणकारी राज्याच्या नेहरूप्रणीत कल्पनेचा ग्रामीण अवतार होय. बंजारा तांड्यातून आलेला मुख्यमंत्री हा काँग्रेसच्या सर्वसमावेशकतेचा येथील सर्वांत ठळक पुरावा ठरला.

हिंदुत्ववादी पक्ष : संघाच्या विचारातून १९५१ मध्ये भारतीय जनसंघ आणि १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष स्थापन झाला. सांस्कृतिक राष्ट्रवादाला दीनदयाळ उपाध्याय यांच्या एकात्म मानववादाची जोड मिळाली. मुंबईत १९६६ मध्ये मराठी माणसाच्या हक्कासाठी निघालेली शिवसेना पुढे हिंदुत्वाच्या भूमिकेसह विदर्भात पसरली. २० मार्च २०१४ रोजी नरेंद्र मोदी यांनी आर्णी तालुक्यातील दाभडी येथे शेतकऱ्यांशी ‘चाय पे चर्चा’ केली. राष्ट्रवादाची मांडणी करणाऱ्या पक्षालाही येथे कापसाच्या भावावर बोलावे लागले.

आंबेडकरी परंपरा : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ मध्ये नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या संकल्पनेतील रिपब्लिकन पक्ष १९५७ मध्ये स्थापन झाला. समता, संविधान आणि जातिनिर्मूलन हा त्याचा पाया. पक्ष गटातटांत विभागला, तरी विदर्भातील गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत हा विचार शिक्षणाच्या आणि स्वाभिमानाच्या रूपाने जिवंत राहिला.

शेतकरी संघटना : शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८०च्या दशकात ही चळवळ विदर्भाच्या कापूसपट्ट्यात पसरली. शेतमालाला रास्त भाव ही तिची मागणी. अनुदानाऐवजी बाजाराचे स्वातंत्र्य हा तिचा सिद्धांत. एकाधिकार खरेदीच्या काळात राज्याबाहेर कापूस नेण्यावर असलेल्या बंदीला तिने विरोध केला. यातूनच १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला.

विदर्भवाद : वऱ्हाड १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होते. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. ती अमलात आली नाही. विदर्भाने मराठी भाषकांच्या एका राज्यात यावे यासाठी झालेल्या १९५३च्या नागपूर करारातील आश्वासने पाळली गेली नाहीत, ही विदर्भवाद्यांची मुख्य तक्रार. अणे १९६२ मध्ये याच मागणीसह नागपुरातून लोकसभेवर गेले. यवतमाळचे जांबुवंतराव धोटे १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकतर्फे तेथूनच निवडून आले.

आदिवासी हक्क : केळापूर व घाटंजी तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे १९९६च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले, तर २००६च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवरील दावा मान्य केला. बंजारा समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी आणि तिला असलेला आदिवासी संघटनांचा विरोध, हा येथील सर्व पक्षांपुढचा अवघड प्रश्न आहे.

निवडणुका व मूल्यमापन : आर्णीतून २००९ मध्ये काँग्रेसचे शिवाजीराव मोघे, २०१४ मध्ये भाजपचे राजू तोडसाम, २०१९ मध्ये भाजपचे डॉ. संदीप धुर्वे आणि २०२४ मध्ये पुन्हा तोडसाम निवडून आले. चंद्रपूर लोकसभेची जागा मात्र २०१९ व २०२४ मध्ये काँग्रेसकडे गेली. पक्षाचे नाव कोणतेही असो, कल्याणकारी राज्य, सांस्कृतिक राष्ट्रवाद, समता, बाजारस्वातंत्र्य आणि प्रादेशिक न्याय या साऱ्या विचारांकडून येथील माणसाच्या अपेक्षा साध्या आहेत : कापसाला परवडेल असा भाव, वनजमिनीचा पट्टा आणि निर्णयात वाटा. पक्षांच्या जाहीरनाम्यांचे खरे मोल याच कसोटीवर ठरले पाहिजे.