अक्षरांची क्रमवारी : संगणकाची आणि मराठीची

सांगलीच्या विश्रामबाग परिसरात १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. अशा कोणत्याही महाविद्यालयात प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना एक सराव हमखास दिला जातो : शब्दातील वर्ण क्रमाने लावा. पायथन भाषेत 'सॉर्टेड' हे फंक्शन वर्णांची क्रमवार यादी देते. 'जॉइन'ने ती जोडली की काम झाले. जावामध्ये शब्दाचा आधी वर्णांचा ॲरे करावा लागतो.

संगणक ही क्रमवारी वर्णांच्या संकेतांकांवरून लावतो. रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांचे संकेतांक ६५ ते ९० आणि लहान अक्षरांचे ९७ ते १२२ असल्याने मोठी अक्षरे नेहमी आधी येतात. एवढे लक्षात ठेवले की इंग्रजीचे भागते. मराठीचे भागत नाही.

'विश्रामबाग' हाच शब्द देऊन पाहावा. आपल्याला त्यात पाच अक्षरे दिसतात. युनिकोडच्या लेखी मात्र दहा संकेतांक आहेत, कारण काना, वेलांटी आणि हलन्त चिन्ह स्वतंत्र मोजले जातात. क्रमवारीनंतर ग, ब, म, र, व, श हे वर्ण पुढे येतात आणि दोन काने, वेलांटी व हलन्त चिन्ह शेवटी निराधार उरतात. 'सांगली'त तर अनुस्वारच सर्वांत पुढे जातो!

ही केवळ गंमत नव्हे. दोन शब्दांत तीच अक्षरे आहेत का, हे तपासण्यासाठी हीच पद्धत वापरतात. तिच्यानुसार 'राजी' आणि 'जारी' समान ठरतात. वस्तुतः 'रा' आणि 'जा' ही वेगळी अक्षरे आहेत. म्हणून शब्द आधी अक्षरांत तोडावा, मग क्रम लावावा. तसे केल्यास 'ग, बा, म, वि, श्रा' असे अपेक्षित उत्तर मिळते. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या सर्वसाधारण अक्षरविभाजनात २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. जुनी साधने 'श्रा'चे दोन तुकडे करतात.

नावांच्या याद्यांत अडचण 'ळ'ची आहे. मराठी वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, संकेतांकांत मात्र 'व'च्या आधी. परिणामी 'कावळे' यांच्याआधी 'काळे' येतात. 'ॲ' तर २००८ मध्ये दाखल झाल्याने अंकांच्याही पुढे बसला आहे. साध्या क्रमवारीत 'ॲप' हा शब्द 'हळद'नंतर सापडेल. यावर उपाय म्हणजे 'आयसीयू' या मुक्त लायब्ररीतील मराठीसाठीचे क्रमनियम निवडणे. भाषा मराठी आहे, हे प्रोग्राममध्ये स्पष्ट नमूद करावे लागते.