रान्मा १/२ (खंड ३८)

लिंगबदलावर बेतलेल्या, रुमिको ताकाहाशी यांच्या विनोदी प्रेमकथेचा, म्हणजे ‘रान्मा निबुन्नोइची’ या जपानी मांगामालिकेचा शेवटचा खंड. ‘शोनेन संडे’ या शोगाकुकानच्या साप्ताहिकात १९८७ ते १९९६ या काळात मालिकेची ४०७ प्रकरणे आली. अखेरची प्रकरणे या खंडात आहेत.

चीनमधील ज्युसेन्क्यो येथील शापित झऱ्यात पडल्याने रान्मा साओतोमे थंड पाण्याने मुलगी होतो, गरम पाण्याने पुन्हा मुलगा. या खंडात सॅफ्रन या शत्रूशी चाललेली त्याची झुंज संपते. आपली वाग्दत्त वधू आकाने आपल्या हातांत गेली असे वाटून रान्मा मनातल्या मनात प्रेमाची कबुली देतो. ती शुद्धीवर येते. पुढे लग्नाच्या दिवशी ती याच कबुलीविषयी विचारते, तेव्हा स्वारी साफ कानांवर हात ठेवते!

त्यातच शाप उतरवणाऱ्या पाण्याचे पिंप आहेर म्हणून येते. त्यासाठी मांडवात हाणामारी जुंपते आणि हॅप्पोसाई म्हातारा ते दारू समजून रिचवतो. लग्न मोडत नाही, लांबणीवर पडते. शाप मात्र कायम. शेवटी दोघे नेहमीसारखे शाळेकडे धावताना दिसतात.

उत्तर न देणारा हा शेवट काही वाचकांना रुचला नाही. पण शाप उतरला असता तर विनोदाचा झराच आटला असता. १९८९–९२ ची दूरचित्रवाणी मालिका इथवर पोहोचली नव्हती. मांगा संपली त्याच वर्षी, १९९६ मध्ये, त्याच साप्ताहिकात ताकाहाशींची ‘इनुयाशा’ सुरू झाली.