नारळाच्या झाडाएवढी उंची

बालीच्या आग्नेय किनाऱ्यावर सानूर नावाचं गाव आहे. त्याच्या दक्षिण टोकाला ब्लान्जोंग ही वस्ती, आणि तिथल्या एका लहानशा देवळाच्या आवारात कापडात गुंडाळलेला एक दगडी खांब. त्याच्यावर श्री केसरी वर्मदेव या राजाच्या विजयाची नोंद आहे. भाषा दोन, जुनी बाली आणि संस्कृत. लिप्याही दोन, आणि त्यातली एक नागरी वळणाची. वर्ष शके ८३५, म्हणजे इसवी सन ९१४च्या सुमाराचं. हा खांब १९३२ साली अभ्यासकांच्या नजरेत आला. बालीत सापडलेल्या सर्वांत जुन्या कालोल्लेखी लेखांत त्याची गणना होते.

एखादा राजा आपल्या विजयाचा खांब समुद्राजवळ रोवतो, तेव्हा तो किनारा रिकामा नसतो. तिथे गलबतं येत असणार, माल उतरत असणार, परके लोक भेटत असणार. म्हणजे सानूर हे हजार वर्षांपूर्वीही कुणाच्या तरी येण्याजाण्याच्या वाटेवरचं ठिकाण होतं. आज तिथे पोचणाऱ्या पाहुण्याला मात्र पटवून दिलं जातं ते नेमकं उलटं : हा किनारा काळाच्या बाहेरचा आहे, इथे कधी काही घडलं नाही, आणि तुम्ही दोघं आहात तोवर काही घडणारही नाही.

मीही अशी पाहुणी होते. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून आम्ही दोघं सानूरच्या एका छोट्या हॉटेलात सहा दिवस राहिलो. खोल्या म्हणजे सुट्या सुट्या झोपड्या, गवताने शाकारलेल्या. प्रत्येकीला कमरेएवढी भिंत, भिंतीत अरुंद दार, आत अंगण, अंगणात चाफा. न्हाणीघराला छप्पर नाही, त्यामुळे आंघोळ करताना वर आकाश दिसतं. उशीवर फुलं, संध्याकाळी वाळूत मांडलेलं दोघांपुरतं टेबल, मेणबत्ती. पंचवीस वर्षांच्या संसारात इतका वेळ एकमेकांकडे बघत आम्ही क्वचितच बसलो असू. ते सुख खरं होतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते त्या सुखाला खोटं ठरवण्यासाठी नाही. मला प्रश्न पडला होता तो वेगळाच : समुद्रकिनारा आणि दोघांचा एकांत ही जोडी इथे कुणी लावली? केव्हापासून?

बाली लोकांनी ती लावलेली नाही, एवढं नक्की. त्यांच्या जगात उत्तर-दक्षिणेपेक्षा महत्त्वाच्या दोन दिशा आहेत : ‘काजा’, डोंगराकडची, आणि ‘केलोद’, समुद्राकडची. डोंगरावर देव आणि पूर्वज. समुद्राकडे खालच्या शक्ती, भुतंखेतं, अशुद्ध ते सगळं. घर बांधताना देवघर डोंगराच्या बाजूला येतं आणि डुकरांचं खुराडं समुद्राच्या. पण म्हणून समुद्र टाकाऊ नाही. दहन झालेल्यांची राख तिथेच सोडतात. नव्या वर्षाआधी देवांच्या मूर्ती वाजतगाजत किनाऱ्यावर आणून शुद्ध करतात, त्या विधीला ‘मेलास्ती’ म्हणतात. म्हणजे किनारा ही घाण धुवायची आणि निरोप घ्यायची जागा. कोळी तिथे राहत, होड्या लागत, मीठ पिकत असे. सानूरची ख्याती तर पुरोहितांसाठी जितकी, तितकीच मंत्रतंत्रासाठी होती. सूर्योदय बघायला जोडीने जाण्याची ही जागा नव्हती.

बाहेरच्या जगाला सानूर कळलं ते एका फुटलेल्या जहाजामुळे. मे १९०४मध्ये ‘श्री कुमाला’ नावाचं एका चिनी व्यापाऱ्याचं गलबत सानूरच्या प्रवाळखडकावर आपटलं. खडकावर फुटलेल्या जहाजावर त्या किनाऱ्याच्या राजाचा हक्क, अशी बालीची जुनी चाल होती. तिला ‘तावान कारांग’ म्हणत. डचांनी पूर्वीच्या करारांत हा हक्क सोडायला लावला होता. आता मालकाने तक्रार केली की किनाऱ्यावरच्या लोकांनी माल लुटला. डच सरकारने बादुंगच्या राजाकडे भरपाई मागितली. राजा म्हणाला, लूट झालेलीच नाही, भरपाई कसली? रक्कम फार मोठी नव्हती. पण बालीचा दक्षिण भाग अजून स्वतंत्र होता आणि डचांना तो हवा होता. भरपाई हे निमित्त पुरेसं होतं.

१४ सप्टेंबर १९०६ रोजी डच फौज सानूरच्या वाळूवर उतरली. तिथून राजधानी देनपसार सहा-सात किलोमीटरवर. २० सप्टेंबरला फौज राजवाड्याजवळ पोचली, तेव्हा समोरून लढाई आलीच नाही. एक मिरवणूक आली. पालखीत राजा, मागे राण्या, मुलं, पुरोहित, नोकरचाकर, सगळे पांढऱ्या वस्त्रांत, दागिने ल्यालेले, हातात क्रिस नावाच्या कट्यारी. थोड्या अंतरावर येऊन त्यांनी मरण पत्करलं : काहींनी एकमेकांच्या हातून, काहींनी बंदुकांच्या गोळ्यांनी. याला ‘पुपुतान’ म्हणतात, म्हणजे शेवट. मेलेल्यांचा आकडा कुणी काही शे सांगतं, कुणी हजाराच्या वर. आपल्याकडच्या वाचकाला जोहार आठवेल, पण तिथे बायका मागे राहिल्या नव्हत्या, त्या मिरवणुकीतच होत्या. दीड वर्षाने, एप्रिल १९०८मध्ये, क्लुंगकुंगलाही हेच घडलं आणि संपूर्ण बाली डचांच्या हाती आलं.

या रक्तपाताचा युरोपात बोभाटा झाला. नंतरच्या डच राजवटीने बालीला एक वेगळंच रूप द्यायला घेतलं : जपून ठेवलेली जुनी संस्कृती, जणू चालतंबोलतं संग्रहालय. बाली लोकांनी ‘बाली’च राहावं असं धोरण आखलं गेलं, आणि ते बघायला येणाऱ्यांची सोय डच बोट कंपनीने केली. त्याच कंपनीने १९२८ साली देनपसारमध्ये बाली हॉटेल उघडलं. पुपुतानची जागा तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बावीस वर्षांपूर्वी जिथे राजघराणं संपलं, त्याच्या शेजारी पाहुणे जेवणानंतर नाच बघू लागले.

तरीही पाहुणा अजून समुद्राकडे वळला नव्हता. त्याला देवळं, नाच, भातखाचरं बघायची होती. समुद्राकडे पहिल्यांदा वळले ते काही एकटेदुकटे आणि काही जोडपी. १९३२ साली ल मेयर नावाचा बेल्जियन चित्रकार आला, सानूरला किनाऱ्यावर राहिला आणि न्यी पोलोक या तरुण लेगोंग नर्तकीची चित्रं काढू लागला. १९३५ साली त्यांचं लग्न झालं. तो पन्नाशी ओलांडलेला, ती जेमतेम अठरा वर्षांची. बागेत, कमळांच्या तळ्याकाठी, समुद्रासमोर बसलेली ती त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसते. उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यावरच्या प्रणयाचं जे चित्र आज माहितीपत्रकांत छापलं जातं, त्याचा एक धागा थेट या बागेपर्यंत जातो. त्याला ते चित्र सुचलं. ती त्यात तासन्‌तास बसली. तिला काय वाटत होतं हे मात्र चित्रात नाही. १९५८ साली तो गेला. ती १९८५पर्यंत त्याच घरात होती. आता ते संग्रहालय आहे.

पश्चिमेला कुता गावी १९३६ साली रॉबर्ट कोक आणि लुईझ या अमेरिकन जोडप्याने किनाऱ्यावर गवती झोपड्यांचं हॉटेल काढलं. तो हवाईत लाटांवर फळी चालवायला शिकला होता, बालीत ते पहिल्यांदा त्यानेच केलं. ती चित्रं काढायची. पाहुण्याने बाली पद्धतीच्या घरात राहावं, पण आंघोळीची सोय चोख असावी, ही कल्पना त्यांची. आमच्या झोपडीतलं ते बिनछपराचं न्हाणीघर या कल्पनेच्याच वंशातलं. युद्ध आलं आणि त्यांना बेट सोडावं लागलं. परत बघितलं तेव्हा हॉटेलाचा मागमूस उरला नव्हता. लुईझने लिहिलेल्या आठवणी छापून यायला १९८७ साल उजाडलं.

जपानी फौज बालीत उतरली ती फेब्रुवारी १९४२मध्ये, सानूरलाच. ती हरल्यावर डच परतले, मार्च १९४६मध्ये, आणि तेही सानूरच्याच वाळूवर. चाळीस वर्षांत तीन वेळा सैन्य उतरलेला हा किनारा. कारण साधं आहे : प्रवाळाच्या कड्याआड पाणी शांत असतं आणि राजधानी जवळ आहे. आमच्या हॉटेलाने ‘पोहण्यास सुरक्षित, संथ समुद्र’ असं जे लिहिलं होतं, तेही त्याच खडकामुळे.

१९६२ साली विजा वावोरुंतु यांनी सानूरच्या किनाऱ्यावर आपल्या कुटुंबाच्या घराला लागून चार झोपड्या पाहुण्यांसाठी बांधल्या. नाव ‘तांजुंग सारी’. जागेवर प्रवाळदगडाचं जुनं देऊळ होतं, ते राखलं. बांधणी बाली वाड्यासारखी : भिंत, दार, अंगण, सुट्या इमारती. ‘बुटीक हॉटेल’ हा शब्द न्यूयॉर्कमध्ये चलनात आला १९८४च्या सुमाराला. ती वस्तू सानूरला त्याच्या वीस वर्षं आधीपासून होती.

आणि त्याच किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला, जपानने दिलेल्या युद्धभरपाईच्या पैशातून सुकार्णोंचं स्वप्न उभं राहत होतं : दहा मजली हॉटेल बाली बीच. ते १९६६ साली उघडलं. ही तारीख नीट वाचायला हवी. डिसेंबर १९६५पासून पुढचे काही महिने बालीत कम्युनिस्ट आणि कम्युनिस्ट समजले गेलेले लोक मारले जात होते. अभ्यासकांचा अंदाज सुमारे ८०,००० माणसांचा आहे, म्हणजे बेटावरच्या दर वीस माणसांतलं जवळजवळ एक. मारणारे सैनिक होते आणि शेजारीही होते. त्या काळाची खुली चर्चा पुढची तीन दशकं, सुहार्तोंच्या राजवटीत, अशक्य होती. नेमक्या त्याच तीन दशकांत बाली हे जगाचं मधुचंद्राचं ठिकाण झालं. १९६९ साली आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि बोटीने येणारे शेकडो जाऊन विमानाने येणारे लाखो आले. शांत, हसतमुख, भांडण न जाणणारे लोक अशी बालीची जी ख्याती माहितीपत्रकांनी पसरवली, ती ऐकत असताना त्यातल्या कित्येक घरांत एकेक जागा रिकामी होती.

संध्याकाळी हे सगळं मी नवऱ्याला सांगत होते. तो शांतपणे म्हणाला, “कुठल्या जमिनीवर कुणी मेलेलं नाही? मग माणसाने कुठे जाऊच नये का?” प्रश्न रास्त आहे. पुण्यात आम्ही राहतो तिथून थोड्याच अंतरावर लढाया झाल्या आहेत आणि आम्ही रोज निवांत जेवतो. पण पुण्याबद्दल कुणी आम्हाला ‘काळ थांबलेलं गाव’ म्हणून भाडं आकारत नाही. प्रश्न तिथे राहण्याचा नाही. काही घडलंच नाही अशी खात्री विकत घेण्याचा आहे. ही खात्री कुणालाच देता येत नाही, आणि दोन माणसांच्या प्रेमाला तिची गरजही नसते. पंचवीस वर्षांत आमच्याही घरात पुष्कळ काही घडलं. ते विसरून आम्ही त्या टेबलाशी बसलो नव्हतो.

दहा मजली हॉटेल बघून बाली लोकांनाच धक्का बसला. त्यानंतर नियम झाला की इमारत नारळाच्या झाडापेक्षा, म्हणजे पंधरा मीटरपेक्षा, उंच नको. छोट्या हॉटेलांची ठेंगणी छपरं, झाडीत लपलेल्या भिंती, ज्याला आपण त्यांची नजाकत म्हणतो, तिच्यामागे मालकांची अभिरुची आहे, तसा हा नियमही आहे. कुणीतरी एकदा ‘पुरे’ म्हणालं म्हणून आमच्या झोपडीतून तारे दिसत होते. मला हे त्या किनाऱ्याच्या इतिहासातलं सर्वांत आशादायक पान वाटतं. एरवी त्या वाळूवर जे काही झालं ते उतरणाऱ्यांनी ठरवलं. हे तिथल्या लोकांनी ठरवलं.

असं ‘पुरे’ ते दरवर्षी एकदा म्हणतात. ब्लान्जोंगच्या खांबावरचा शक बालीत अजून चालू आहे, आणि तो आपल्या पंचांगातलाच. २०२३ साली आपला गुढीपाडवा आणि त्यांचा नववर्षदिन एकाच दिवशी, २२ मार्चला आले. दोन्हीकडे शके १९४५ सुरू झालं. आपण गुढी उभारतो. त्यांचा दिवस ‘न्येपी’, मौनाचा. दिवे लावायचे नाहीत, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. चोवीस तास विमानतळ बंद. रस्त्यावर गावचे रखवालदार फिरतात, आणि पाहुण्याने कितीही पैसे मोजलेले असले तरी त्याला हॉटेलाच्या आवारातच राहावं लागतं. समोर समुद्र असतो, पण त्या दिवशी किनाऱ्यावर जाता येत नाही. तो ज्यांचा आहे त्यांच्याकडे एक दिवस परत जातो.